टिकणं म्हणजे नक्की काय?

आज समीक्षेसाठी मी पुस्तक घेतलेलं नाही, नाटकही नाही. आज आपण आपलंच बोलणं तपासणार आहोत. मोबाइल आणि लॅपटॉप यांच्याबद्दल चहा पिता पिता आपण जी मतं ठोकून देतो ना, ती. 'आयफोन टिकतो, बाकीचे नाही.' 'अपडेट केलं की फोन स्लो होतो, कंपनी मुद्दाम करते.' 'विंडोज टेन बंद झालं, आता कॉम्प्युटर भंगारात.' आणि याच्या उलट, 'काही होत नाही हो, आमच्याकडे एक्सपी अजून चालतंय.'

या सगळ्या वाक्यांत 'टिकणं' हे क्रियापद जुन्या अर्थानं वापरलेलं आहे. शिलाई मशीन टिकतं, म्हणजे त्याचं लोखंड चांगलं असतं आणि आपण वेळेवर तेल घालतो. टिकणं हा वस्तूचा गुण. माझं म्हणणं असं, की कॉम्प्युटरच्या बाबतीत हा अर्थ आता अर्धाच खरा आहे. उरलेला अर्धा भाग कंपनीच्या कॅलेंडरवर असतो.

विंडोज टेनचंच घ्या. जुलै २०१५ मध्ये ते आलं, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्याच एका कर्मचाऱ्यानं जाहीर व्यासपीठावरून हे शेवटचं विंडोज आहे असं सांगून टाकलं होतं. सहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२१ मध्ये, विंडोज इलेव्हन आलं आणि १४ ऑक्टोबर २०२५ ला टेनचा नेहमीचा सपोर्ट संपला. 'संपला' म्हणजे कॉम्प्युटर बंद पडला नाही, हं. तो आदल्या दिवशीसारखाच सुरू होतो. फक्त नव्यानं सापडलेली भोकं बुजवायला आता कोणी येत नाही. सपोर्ट संपला तेव्हा आणखी एक वर्ष यायचे तीस डॉलर ठरले होते, किंवा मायक्रोसॉफ्टच्या खात्याला सेटिंग्ज जोडल्या तर फुकट.

मग इलेव्हन टाका की! तिथेच खरी गंमत आहे. इलेव्हनसाठी टीपीएम नावाची सुरक्षेची चिप लागते आणि प्रोसेसर कंपनीच्या यादीत असावा लागतो. इंटेलच्या बाबतीत ही यादी, एखाददुसरा अपवाद सोडला तर, आठव्या पिढीपासून सुरू होते. म्हणजे २०१७ साली भरपूर पैसे मोजून घेतलेला सातव्या पिढीचा आय-सेव्हन बाहेर, आणि सेलेरॉन एन-४००० सारखा अगदी किरकोळ प्रोसेसर आत. ताकदीचा प्रश्नच नाही. सुरक्षेचं कारण खोटं आहे असं मी म्हणत नाही, पण रेषा कुठे ओढायची हे कंपनीनं ठरवलं, आणि त्या रेषेपलीकडची धडधाकट यंत्रं एका दिवसात म्हातारी झाली.

आता 'काही होत नाही' वाल्यांकडे येऊ. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आलं, ब्रिटनमधल्या इस्पितळांचं कामकाज कोलमडलं. त्या भोकावरचा इलाज मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधी, मार्चमध्येच, दिलेला होता. बाधित यंत्रांत मोठा वाटा विंडोज सेव्हनचा होता, ज्याला तेव्हा सपोर्ट चालू होता! अपडेट आलेलं होतं, लोकांनी घेतलं नव्हतं. त्यामुळे 'अजून चालतंय' हे वाक्य यंत्राबद्दल खरं आणि सुरक्षेबद्दल निरर्थक.

'कंपनी मुद्दाम स्लो करते' या मताला मात्र मी सहज हसणार नाही. डिसेंबर २०१७ मध्ये अॅपलनं मान्य केलं, की बॅटरी जुनी झालेले आयफोन अचानक बंद पडू नयेत म्हणून अपडेटमधून त्यांचा वेग कमी केला जात होता. फ्रान्सनं २०२० मध्ये त्याबद्दल अडीच कोटी युरोंचा दंड लावला. कशासाठी? ग्राहकाला सांगितलं नाही म्हणून. बॅटरी बदलली की वेग परत येत होता. लोकांचा संशय बरोबर निघाला, पण निष्कर्ष चुकला. कित्येकांनी स्वस्तातली बॅटरी बदलायची सोडून नवा फोन घेतला असणार.

आयफोन टिकतो हेही बऱ्यापैकी खरं. २०१३ च्या फाइव्ह-एसला जानेवारी २०२३ मध्ये सुरक्षेचं अपडेट मिळालं. पण मे २०२५ पासून त्यावर व्हॉट्सअॅप चालत नाही. आता व्हॉट्सअॅपशिवाय फोन म्हणजे आपल्याकडे काय, ते तुम्हीच सांगा.

लिनक्सप्रेमी मंडळी आता हात वर करतील. बरोबर आहे, लॅमिंग्टन रोडवर मिळणाऱ्या जुन्या थिंकपॅडवर लिनक्स छान चालतं, मराठी टायपिंगही होतं. पण दुकानदाराचा हिशेब टॅलीत असतो आणि टॅली विंडोजवर चालतं. त्याला 'लिनक्स टाक' सांगणं म्हणजे धंदाच बदल म्हणून सांगणं. लिनक्ससुद्धा जुनं ते सगळं कायम सांभाळत नाही. ३८६ प्रोसेसरचा सपोर्ट त्यांनीही २०१२ च्या अखेरीस काढला. फरक इतकाच, की तिथे तो पुन्हा घालायला कोणाची परवानगी लागत नाही.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते 'सात वर्षं अपडेट' या जाहिरातीबद्दलचं आपलं कौतुक. गूगलनं पिक्सेल एटला, सॅमसंगनं एस-ट्वेंटीफोरला सात वर्षं दिली. चांगलंच आहे. पण गूगलची मोजणी मॉडेल बाजारात आल्या दिवसापासून होते, तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून नाही. दोन वर्षांनी सेलमध्ये घेतलात तर हातात पाच उरली. कॉलेजातल्या मुलानं तोच फोन सेकंड हँड घेतला तर दोन किंवा तीन. ज्याच्याकडे पैसे कमी, त्याच्या वाट्याला शेपूट. आणि 'फोन टिकत नाही' अशी तक्रार केली, तर त्यालाच आपण सांगतो, 'नीट वापरत नाहीस.'

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२४ पासून सुरक्षेचे अपडेट किमान कधीपर्यंत मिळतील हे जाहीर करणं कायद्यानं बंधनकारक आहे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून स्मार्टफोनला बॅटरी आणि दुरुस्तीसोपेपणा दाखवणारं लेबल लागतं. आपल्याकडे फ्रिजवर तारे असतात, बिस्किटाच्या पुड्यावर तारीख असते. मोबाइलच्या खोक्यावर एमआरपी असते, बनवल्याचा महिना असतो, पण ही दुसरी तारीख मला तरी अजून दिसलेली नाही. पुढच्या वेळी दुकानात कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे विचारण्याआधी ती तारीख विचारून बघा, आणि समोरचा काय उत्तर देतो ते मला कळवा.

थांबतो. प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेत तुमचा हात केव्हाचा वर आहे, माइक तिकडे द्या.