डिझेल-जल पायस आणि उत्सर्जन-घटीचे दावे : एक चिकित्सा

प्रस्तावना :
डिझेल इंजिनच्या धुरातील नायट्रोजन ऑक्साइड्स व काजळी हे दोन घटक एकाच वेळी कमी करणे कठीण असते. एक घटविणारा उपाय बहुधा दुसरा वाढवितो. डिझेलमध्ये पाणी मिसळून केलेले पायस, अर्थात इमल्शन, हा या पेचावरील उपाय मानला जातो. त्यासंबंधीच्या दाव्यांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

विवेचन :
पाणी व डिझेल स्वभावतः एकजीव होत नाहीत. पायसीकारक द्रव्याच्या साहाय्याने पाण्याचे सूक्ष्म थेंब डिझेलमध्ये धरून ठेवावे लागतात. सिलिंडरमध्ये पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते, ज्योतीचे कमाल तापमान उतरते व नायट्रोजन ऑक्साइड्सची निर्मिती मंदावते. तसेच थेंबातील पाणी आधी उकळून भोवतालचे डिझेल विखुरते. या सूक्ष्म-स्फोटामुळे हवेशी मिश्रण सुधारून काजळी घटते, असे स्पष्टीकरण दिले जाते. कॅलिफोर्नियाच्या हवा संसाधन मंडळाने २००१ मध्ये 'प्युरिनॉक्स' या पायस-इंधनासाठी नायट्रोजन ऑक्साइड्समध्ये १४ टक्के व कणरूप प्रदूषकांत ६३ टक्के घट ग्राह्य धरली होती. तेव्हा हा उपाय निराधार नाही.

प्रश्न आहे तो तुलनेच्या आधाराचा. पाण्यापासून ऊर्जा मिळत नाही. एक किलो डिझेलपासून सुमारे ४२.५ मेगाज्यूल ऊर्जा मिळते. वजनाने १० टक्के पाणी असलेल्या एक किलो पायसापासून सुमारे ३८ मेगाज्यूलच मिळते. पंपाची मात्रा तीच ठेवल्यास इंजिनची शक्ती घटते आणि कमी शक्तीवर प्रदूषक कमी दिसणे स्वाभाविक ठरते. म्हणून धुरातील प्रदूषकांचे केवळ दशलक्षांश प्रमाण नोंदवून घट सिद्ध होत नाही. समान शक्तीवर, प्रतिकिलोवॅट-तास ग्रॅम या एककात मापन आवश्यक आहे. शिवाय ज्वलन थंड झाल्याने, विशेषतः कमी भारावर, कार्बन मोनॉक्साइड व अर्धवट जळलेले हायड्रोकार्बन वाढू शकतात. त्यांची नोंद वगळणे म्हणजे अर्धाच निष्कर्ष मांडणे होय. इंधनपंपाला वंगण डिझेलच पुरविते. त्यामुळे पायस फुटून पाणी वेगळे झाल्यास गंज व झीज संभवते. काही तासांच्या चाचणीत हा दोष दिसत नाही.

निष्कर्ष :
१ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज-६ मानके लागू झाली. धूर शुद्ध करणारी यंत्रणा बसविलेल्या नव्या वाहनांना पायसाचा लाभ मर्यादितच आहे. त्याचे खरे क्षेत्र जुने जनित्र संच व शेतीपंप हे होय. त्यांचा धूर जवळ राहणाऱ्यांच्या थेट श्वासात जातो. त्यामुळे पदव्युत्तर प्रकल्पांतून घटीची टक्केवारी मांडताना समान शक्ती, सर्व प्रदूषके व पायसाचे स्थैर्य या तीन कसोट्या अनिवार्य मानल्या जाव्यात.