थंड दालनाचा हिशेब

मुंबईची सहल ठरली की गगनबावड्यासारख्या आडबाजूच्या तालुक्यातली मुलेसुद्धा हल्ली आधी विचारतात ते पेंग्विनबद्दल. भायखळ्याचे वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, म्हणजे आपली जुनी राणीची बाग, या एका पक्ष्यामुळे पुन्हा चर्चेत आली. सहलीहून परतलेल्या मुलांना 'काय पाहिलेत?' असे विचारले, तर उत्तर मिळते, 'बर्फातला पक्षी.' या एका उत्तरावरून त्या दालनाचे परीक्षण सुरू करायला हरकत नाही, कारण राणीच्या बागेतला पेंग्विन बर्फातला नाहीच.

तो आहे हम्बोल्ट पेंग्विन. पेरू आणि चिली या देशांच्या किनाऱ्यावर, म्हणजे जगातल्या अत्यंत कोरड्या वाळवंटाच्या कडेला तो राहतो. डोक्यावर ऊन तापत असते, पण समोरचा समुद्र थंड असतो. दक्षिणेकडून येणारा थंड प्रवाह आणि खोलातून वर उसळणारे पाणी यांमुळे तिथे माशांची रेलचेल असते. हम्बोल्ट या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने १८०२ मध्ये या प्रवाहाचे तापमान मोजले, म्हणून प्रवाहाला आणि पुढे पक्ष्यालाही त्याचे नाव मिळाले. समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे शतकानुशतके साचलेले जाड थर, म्हणजेच ग्वानो, उकरून हा पक्षी त्यात घरटे करतो. एकोणिसाव्या शतकात हेच थर खत म्हणून जहाजे भरभरून युरोपात गेले आणि पेंग्विनांची घरकुले शेतांत पसरली गेली. आज ही जात असुरक्षित जातींच्या यादीत आहे.

आता गगनबावड्याचा आणि या पक्ष्याचा संबंध पाहा. काही वर्षी पेरूच्या किनाऱ्याजवळचा समुद्र नेहमीपेक्षा तापतो. यालाच एल निनो म्हणतात. पाणी तापले की छोटे मासे दूर आणि खोल जातात, पेंग्विन उपाशी राहतात, पिल्ले सोडून देतात. १९८२-८३ च्या एल निनोने त्यांची संख्या फार खाली आणली. त्याच तापलेल्या पाण्यामुळे प्रशांत महासागरावरचे वारे बदलतात आणि आपला मोसमी पाऊस अशक्त होण्याची शक्यता वाढते. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वाधिक पाऊस झेलणाऱ्या तालुक्यातल्या मुलाला यापेक्षा जवळचा धडा कोणता? या दोन टोकांमधला दुवा शोधणारे गिल्बर्ट वॉकर हे भारतीय हवामान खात्याचेच प्रमुख होते. अर्थात नियम इतका सरळ नाही. १९९७ चा एल निनो जबरदस्त होता, तरी आपल्याकडे पाऊस सरासरीइतका पडला. उलट २००२ आणि २००९ मध्ये मोठी तूट आली. शिक्षकाला तर हे अधिकच सोयीचे, कारण कार्यकारणभाव आणि शक्यता यांतला फरक शिकवायला याहून चांगले उदाहरण सहज सापडत नाही.

एवढे सगळे सांगू शकणारा पक्षी समोर असताना मूल 'बर्फातला पक्षी' एवढेच घेऊन परतत असेल, तर दालनावर झालेल्या खर्चाविषयी प्रश्न विचारायला हवा. खर्चाविषयी प्रश्न विचारले गेले नाहीत असे नाही, उलट खूपच विचारले गेले. पण त्यांतले बहुतेक चुकीचे होते.

आधी घटनाक्रम. जुलै २०१६ मध्ये दक्षिण कोरियातून आठ पेंग्विन मुंबईत आले. त्याच ऑक्टोबरात एक मादी दगावली. मार्च २०१७ मध्ये दालन लोकांसाठी उघडले. उभारणीचा खर्च सुमारे २५ कोटी रुपये, आणि तो मुंबई महानगरपालिकेच्या तिजोरीतून. २०१७ मध्येच प्रवेशशुल्क वाढले. पूर्वी मोठ्यांना पाच आणि मुलांना दोन रुपये पडत. आता मोठ्यांना पन्नास, मुलांना पंचवीस आणि आईवडील व दोन मुले अशा कुटुंबाला शंभर रुपये झाले. ऑगस्ट २०१८ मध्ये जन्मलेले पहिले पिल्लू आठवडाभरात गेले. २०२१ पासून मात्र पिल्ले जगू लागली आणि उरलेल्या सात पक्ष्यांचे काही वर्षांत दुपटीहून अधिक झाले. पक्षी अंडी घालून पिल्ले वाढवतात, याचा अर्थ निदान त्यांच्या रोजच्या देखभालीत मोठी उणीव नसावी, हे विरोधकांनीही मान्य करायला हवे.

'मुंबईच्या उकाड्यात पेंग्विन कशाला?' हा आक्षेप सर्वांत लोकप्रिय ठरला, पण शास्त्राच्या दृष्टीने तो लंगडा आहे. दालनात सोळा ते अठरा अंश तापमान राखलेले असते आणि या जातीला ते मानवते. 'आधी रस्त्यांचे खड्डे बुजवा' हा दुसरा आक्षेप. तो लावायचा तर शहरातले एकही ग्रंथालय, एकही नाट्यगृह उभे राहणार नाही. खरा प्रश्न २५ कोटींचा नाहीच. तो त्यानंतरच्या प्रत्येक वर्षाचा आहे.

इथे थोडा हिशेब करू. नववी-दहावीच्या वर्गात फळ्यावर मांडता येईल इतका तो सोपा आहे. २०२१ मध्ये पालिकेने पेंग्विन-दालनाच्या तीन वर्षांच्या देखभालीसाठी निविदा काढली, तिची अंदाजित रक्कम सुमारे १५ कोटी होती. म्हणजे वर्षाला पाच कोटी, दिवसाला एक लाख सदतीस हजारांच्या आसपास. पन्नास रुपयांच्या तिकिटाने हे भागवायचे तर वर्षाला दहा लाख प्रौढ प्रेक्षक हवेत. ते चौघांच्या कुटुंबाने, म्हणजे माणशी पंचवीस रुपयांत आले, तर वीस लाख. आणि लक्षात ठेवा, ते तिकीट संपूर्ण बागेचे आहे. हत्ती, हरणे, माकडे, माळी, पाणी, सगळ्यांचा वाटा त्यातूनच निघायचा. उभारणीचे २५ कोटी वीस वर्षांवर पसरले तर वर्षाला सव्वा कोटीच होतात. बांधायला लागलेल्या पैशांहून चालवायला लागणारे पैसे वर्षाकाठी चौपट! वर्तमानपत्रांत मथळा मात्र २५ कोटींचा होतो.

चालवायचा खर्च एवढा का, याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. बाहेर तेहेतीस अंश आणि आत सोळा, म्हणजे सतरा अंशांचा फरक. उष्णता भिंतींतून, काचेतून, दर वेळी उघडणाऱ्या दारातून आणि आत शिरणाऱ्या प्रत्येक माणसाच्या शरीरातून आत येत राहते. ती रात्रंदिवस उपसून बाहेर टाकावी लागते. वीज गेली तरी यंत्रणा थांबून चालत नाही, म्हणून पर्यायी व्यवस्था लागते. त्यात पाणी गाळण्याची यंत्रे, हवेतली बुरशी आवरणे (पिंजऱ्यातले पेंग्विन फुप्फुसांच्या बुरशीजन्य रोगाला चटकन बळी पडतात), मासे, पशुवैद्य हे सगळे आले. गळक्या होडीतून पाणी उपसण्यासारखे हे काम आहे. होडी कितीला घेतली यापेक्षा उपसणारा किती वर्षे पुरणार, हे आधी विचारायला हवे.

जगभरच्या प्राणिसंग्रहालयांना हा धडा महागात शिकावा लागला आहे. फिनलंडमधील अह्तारी या लहानशा गावाच्या प्राणिसंग्रहालयाने २०१८ मध्ये चीनकडून पांडाची जोडी आणली. त्यांच्यासाठी ऐंशी लाख युरोंहून अधिक खर्चून घर बांधले. करार पंधरा वर्षांचा होता. मधल्या काळात साथ आली, महागाई वाढली, प्रेक्षक अपेक्षेइतके आले नाहीत आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पांडा मुदतीआधीच परत गेले. घर तेवढे राहिले.

लंडनचे उदाहरण तर पेंग्विनांचेच आहे. तिथल्या प्राणिसंग्रहालयात १९३४ मध्ये ल्युबेटकिन या वास्तुकाराने पेंग्विनांसाठी एक तलाव बांधला. काँक्रीटच्या दोन नागमोडी उतरणी हवेत एकमेकींभोवती वळताना पाहून लोक थक्क झाले. आजही वास्तुकलेच्या पुस्तकांत त्याचे चित्र असते. फक्त पेंग्विनांना तो सोसवला नाही. कडक काँक्रीटवर चालून त्यांच्या पायांना इजा होई. २००४ मध्ये दुरुस्तीसाठी त्यांना तात्पुरते बदकांच्या तळ्यावर हलवले, तर ते तिथे असे रमले की पुन्हा आणलेच नाहीत. संरक्षित वास्तू म्हणून तलाव पाडता येत नाही, पक्ष्यांसाठी वापरता येत नाही. दालन प्रेक्षकांसाठी बांधायचे की प्राण्यासाठी, हा वाद त्या रिकाम्या तलावाने कायमचा जागता ठेवला आहे.

राणीच्या बागेलाही आपला एक इतिहास आहे. १८६२ मध्ये ती उघडली ती मुळात वनस्पतिउद्यान म्हणून. प्राणी नंतर आले. सुमारे पन्नास एकरांत शेकडो जातींची जुनी झाडे आहेत. या शतकाच्या पहिल्या दशकात तिथे ४३३ कोटींची परदेशी धाटणीची योजना पुढे आली, तेव्हा मुंबईतल्या काही वृक्षप्रेमी नागरिकांनी चिकाटीने विरोध केला आणि ती योजना बारगळली. पुढची योजना आकाराने लहान झाली, हे श्रेय त्यांचे. मुंबईसारख्या शहरात दीडशे वर्षांचे झाड हेही एक प्रदर्शनीय वस्तूच आहे, आणि त्याला वातानुकूलन लागत नाही.

मग पैसा घालायचा कुठे? १९९८ च्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरणाने वन्यजीवांच्या संवर्धनाला हातभार लावणे हे प्राणिसंग्रहालयांचे मुख्य काम ठरवले आहे. त्या कसोटीवर दार्जिलिंगचे छोटे प्राणिसंग्रहालय पाहा. हिमालयातले लाल पांडा आणि हिमबिबटे हिमालयातच ठेवले, त्यामुळे थंडी फुकट मिळते. तिथे वाढवलेले लाल पांडा २००३ मध्ये सिंगलिलाच्या जंगलात सोडले गेले. हरियाणातील पिंजोर येथे मुंबईच्याच बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या पुढाकाराने गिधाडांचे प्रजनन चालते. गिधाड पाहायला पन्नास रुपये कोणी देणार नाही हे खरे, पण ती नाहीशी झाल्याची किंमत गावागावांत मोजली गेली आहे. राणीच्या बागेतही २०२० मध्ये वाघाची जोडी आली ती औरंगाबादच्या, आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या, सिद्धार्थ उद्यानातून. देशातल्या देशात अशी देवाणघेवाण होते आणि वाघाला मुंबईची हवा सोसते.

माझी सूचना विचारली तर सह्याद्रीच्या पावसाचे दालन बांधावे. आपल्या घाटातले बेडूक, मातीत राहणारे आणि गांडुळासारखे दिसणारे पाय नसलेले उभयचर, आंबोलीच्या परिसरापलीकडे जवळपास कुठेच न आढळणारा, २००९ मध्ये शास्त्रीय नाव मिळालेला आंबोली भेक. या प्राण्यांनाही मुंबईपेक्षा गार हवा लागेल, रोगांपासून जपावे लागेल, हे मान्य. पण त्यांना दालन लागेल ते एका वर्गखोलीएवढे. शेजारी शेकरू, आणि गवा. गवा आमच्या मुलांना नवा नाही. दाजीपूर-राधानगरीच्या अभयारण्यापासून गगनबावड्याच्या शेतांपर्यंत त्याचा वावर आहे, आणि तो उसात शिरला की त्याचे कौतुक वाटत नाही. पिकाची भरपाई, जंगलाची सीमा, घाटातला रस्ता यांविषयीचे निर्णय मुंबईत होतात. ते घेणाऱ्या शहरातल्या मुलांनी गवा निदान एकदा जवळून पाहावा, त्याच्या पाटीवर शेतकऱ्याचीही बाजू वाचावी, असे मला वाटते.

तोवर पेंग्विन-दालन आहे, ते वापरावे. सहलीला निघण्यापूर्वी वर्गात जगाचा नकाशा उघडून पेरूचा किनारा दाखवावा. दालनात दोन मुलांना घड्याळ देऊन एका कोपऱ्यात उभे करावे. एक माणूस काचेसमोर किती सेकंद थांबतो, त्यातले छायाचित्र काढण्यात किती जातात आणि पाटी वाचण्यात किती, याची पन्नास माणसांची नोंद घ्यावी. परत आल्यावर तिचा स्तंभालेख काढावा आणि त्याची एक प्रत उद्यानाच्या संचालकांना पोस्टाने धाडावी.