धुराची चव आणि लाकडांचा तक्ता

अमेरिकेच्या दक्षिण भागात मांस थेट जाळावर न भाजता बंद भट्टीत, साधारण ११० ते १२० अंश सेल्सिअसला, तासन्‌तास धुरावर शिजवतात. या बार्बेक्यूवरील पुस्तकांत एक तक्ता हमखास आढळतो : हिकरीचा धूर ठसठशीत, मेस्किटचा (हा आपल्या वेड्या बाभळीचा भाऊबंद) उग्र, ओकचा मध्यम, सफरचंदाच्या लाकडाचा गोडसर व फळासारखा. हा तक्ता विज्ञानाच्या कसोटीवर कितपत उतरतो?

धुराचा ओळखीचा वास मुख्यतः लाकडातील लिग्निनमुळे येतो. उष्णतेने लिग्निनचे विघटन होऊन ग्वायाकॉल, सिरिंगॉल यांसारखी संयुगे बनतात. पाइनसारख्या सूचिपर्णी वृक्षांच्या धुरात सिरिंगॉल जवळजवळ नसते. शिवाय राळेमुळे काजळी फार. म्हणून पाइन वर्ज्य मानतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तक्त्यातील चारही झाडे रुंदपर्णी आहेत. त्यांच्या धुरात बहुतांशी तीच संयुगे असतात, प्रमाण तेवढे कमीअधिक. सफरचंदाचा सुगंध तर पिकणाऱ्या फळात तयार होतो, खोडात नव्हे!

तक्त्याचा मोठा दोष वेगळाच आहे. लाकडाची ओल, जाळाचे तापमान आणि हवेचा पुरवठा बदलला की एकाच लाकडाचा धूर कधी विरळ निळसर, तर कधी दाट, पांढरा व कडवट होतो. मध्य टेक्ससमध्ये ओकवर गोमांस शिजते. कॅरोलिनात हिकरीवर डुकराचे मांस, वर व्हिनेगरचा सॉस. इतके घटक एकदम बदलल्यावर चवीचे श्रेय एकट्या लाकडाला कसे द्यावे?

निवाडा करायचा तर मांस, ओल, तापमान, वेळ सारखे ठेवून फक्त लाकूड बदलावे. मग डोळे बांधून तीन तुकडे चाखायला द्यावेत, दोन एका लाकडाचे, एक दुसऱ्याचे. वेगळा कोणता? नुसत्या अंदाजानेही तिघांपैकी एक बरोबर सांगेल. म्हणून १२ जणांपैकी किमान ८ जणांनी ओळखले, तरच फरक जाणवतो असे म्हणता येईल.

फरक मुळीच नाही, असा दावा नाही. मेस्किट आणि सफरचंद कदाचित ओळखू येतील. हिकरी आणि ओक ओळखणे अवघड जावे. पण नाव आधी सांगून घेतलेली चव हा पुरावा नव्हे. हीच चाचणी वर्गात कमीअधिक साखरेच्या सरबतावर करून पाहावी. छापील तक्त्याला प्रश्न विचारण्याची सवय विद्यार्थ्यांना त्यातून लागेल.