‘जबाबदारी’ आणि ‘जाब’ : खाजगी आरोग्यसेवेच्या परिभाषेची चिकित्सा

लोकांच्या आरोग्याचे काम शासन जेव्हा खाजगी कंपनीच्या हाती सोपविते, तेव्हा त्या कंपनीने कोणास उत्तर द्यावयाचे, हा प्रश्न सामान्यतः कायदा आणि अर्थशास्त्र यांच्या कक्षेतला मानला जातो. वस्तुतः तो भाषेचाही प्रश्न आहे. सेवेचा व्यवहार ज्या शब्दांनी बांधला जातो, त्याच शब्दांनी प्रश्न विचारण्याचा अधिकार कोणाचा आणि कोणाचा नव्हे हेही ठरून जाते. महाराष्ट्रातील १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका-सेवा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. आणि वर्धा जिल्ह्यातील आष्टीसारख्या, जिल्ह्याच्या ठिकाणापासून दूर पडलेल्या तालुक्याच्या गावातून पाहिली असता तिचे स्वरूप अधिक उघडे होते.

ही सेवा जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. राज्यासाठी ९३७ गाड्या ठरविण्यात आल्या. त्यांपैकी २३३ प्रगत उपकरणांच्या आणि ७०४ मूलभूत उपचारांच्या होत्या. चालविण्याचे काम भारत विकास ग्रुप, म्हणजे बीव्हीजी इंडिया, या कंपनीस कराराने देण्यात आले. दूरध्वनी घेणारे केंद्र पुण्यास औंध येथे उभारले गेले. आता ‘आष्टी’ हे नाव एकट्या वर्धा जिल्ह्याचे नाही. बीड जिल्ह्यात त्या नावाचा तालुका आहे, गडचिरोली जिल्ह्यातही आष्टी आहे. याच तालुक्यातील तळेगावास ‘श्यामजीपंत’ हे उपपद लावल्यावाचून ते दाभाड्यांच्या किंवा ढमढेऱ्यांच्या तळेगावाहून वेगळे काढता येत नाही. गावात एकमेकांशी बोलताना ज्या नावास कसलाच खुलासा लागत नाही, ते पुण्याच्या केंद्रात पोचताच संदिग्ध होते. वऱ्हाडी बोलीत घाईने सांगितलेला पत्ता प्रमाण मराठीत पुन्हा सांगावा लागणे हाही त्याच अंतराचा भाग होय.

लोकांनी या सेवेचे नाव स्वतःच ठेवले आहे. ‘एकशेआठ बोलाव’, ‘एकशेआठ आली’, अशी वाक्ये आता सर्रास ऐकू येतात. संख्यावाचक विशेषणाचे येथे स्त्रीलिंगी नाम झाले आहे. भाषेच्या अभ्यासकास हे उदाहरण रोचक वाटेल. परंतु या नामात कंपनी कोठेच नाही. गाडी उशिरा आली तर राग चालकावर किंवा ‘सरकारा’वर निघतो. ज्या संस्थेशी करार झाला तिचे नाव बोलणाऱ्याच्या ओठी येत नाही, कारण तिच्याशी त्याचा भाषिक संबंधच आलेला नसतो.

येथे ‘जबाबदारी’ आणि ‘जाब’ या दोन शब्दांकडे वळले पाहिजे. दोहोंचे मूळ अरबी ‘जवाब’ हेच. फारसीच्या द्वारे तो शब्द मराठीत आला. पहिल्यास ‘-दार’ हा प्रत्यय लागला, दुसरा झिजून एकाक्षरी उरला. पण अर्थाने ते दूर गेले. जबाबदारी घेता येते, सोपविता येते, वाटता येते, झटकताही येते. या सर्व क्रियांना समोर कोणी असण्याची गरज नाही. जाब मात्र विचारावा लागतो किंवा द्यावा लागतो. विचारणारा नसेल तर जाब संभवतच नाही. शासकीय परिभाषेने अलीकडे ‘उत्तरदायित्व’ हा भारदस्त शब्द स्वीकारला. त्यात उत्तर आहे, दायित्व आहे. प्रश्न विचारणारा मात्र त्यातूनही गळालेला आहे.

तो केवळ या एका शब्दातून गळालेला नाही. ‘रुग्णवाहिका उपलब्ध करून देण्यात येईल’ या घाटाचे वाक्य योजनांच्या मराठीत पदोपदी भेटते. देणार कोण? कर्मणी रचनेने कर्ता लुप्त केला आहे, आणि हा लोप निरुपद्रवी नाही. शासन आणि कंपनी या दोघांपैकी कोणीही त्या रिकाम्या जागी बसू शकतो, म्हणून प्रसंगी कोणीच बसत नाही. दुसऱ्या बाजूस आहे ‘लाभार्थी’. ‘विद्यार्थी’, ‘शरणार्थी’ यांतील ‘अर्थी’ म्हणजे इच्छा करणारा, मागणारा. प्रसूतीच्या कळा सुरू झालेली स्त्री आणि सर्पदंश झालेला शेतमजूर या शब्दाने लाभाची याचना करणारे ठरतात. याचकाने जाब विचारावा हे शब्दाच्या प्रकृतीतच बसत नाही.

सेवेचे मोजमापही याच व्याकरणाने चालते. शहरात २० आणि ग्रामीण भागात ३० मिनिटांत गाडी पोचावी, असे प्रमाण या सेवेसाठी सांगण्यात आले. ‘प्रतिसाद-काल’ ही संज्ञा दूरध्वनीपासून गाडी रुग्णाजवळ पोचेपर्यंतचा अवधी मोजते. आष्टीच्या रुग्णाचा खरा प्रवास तेथून पुढे सुरू होतो. आर्वीस काम भागले नाही तर वर्धा, सेवाग्राम किंवा सावंगी गाठावयाचे असते. त्या वाटेवर गेलेला वेळ या संज्ञेच्या व्याख्येत येतच नाही. शिवाय, असे प्रमाण मोडले असता कराराच्या भाषेत चूक शासनापाशी घडते, वाट पाहत बसलेल्या माणसापाशी नव्हे. २०२४ मध्ये नव्या, दीर्घ मुदतीच्या कंत्राटावरून वादंग झाले, तेही मुख्यतः खर्चाच्या आकड्यांवरून. आकडे महत्त्वाचे आहेतच. पण रुग्णाने कोणास विचारावे हा प्रश्न त्या गदारोळात जवळजवळ ऐकूच आला नाही.

या सेवेने अनेकांचे प्राण वाचविले, ती विनामूल्य आहे, आणि २०१४ पूर्वी दूरच्या गावांस भाड्याच्या जीपखेरीज फारसा आधार नव्हता, हे मान्य करूनही हा आक्षेप उरतो.

माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ याने ही उणीव भरून निघते असे म्हटले जाईल. अंशतःच ते खरे आहे. शासनाच्या पैशाने ‘मोठ्या प्रमाणावर’ पोसलेली संस्था त्या कायद्याखाली सार्वजनिक प्राधिकरण ठरते. अनेक उद्योग असलेली कंपनी या कसोटीतून सहज निसटू शकते. मग अर्जदाराने खात्याकडे मागावे, खात्याने कंपनीकडून मिळवावे, आणि कंपनीने कलम ८ मधील वाणिज्यिक गोपनीयतेचा आधार घ्यावा, असा फेरा सुरू होतो.

खाजगी संस्था म्हणजे जाब चुकविणारी संस्था, असा मात्र सिद्धान्त काढता येणार नाही. त्याचे उत्तर याच जिल्ह्यात आहे. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय शासकीय नाही. ते एका सोसायटीचे आहे. १९८० च्या आसपास डॉ. उल्हास जाजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आसपासच्या गावांत ज्वारीच्या रूपाने आरोग्य-विम्याची वर्गणी घेण्याची पद्धत रुजविली. वर्गणी सुगीच्या वेळी, ऐपतीप्रमाणे, उपचार गरजेप्रमाणे. गावातील बहुसंख्य, विशेषतः गरीब कुटुंबे सामील झाली तरच गाव योजनेत घेतले जाई. ज्वारी देणारा ‘लाभार्थी’ नव्हता, आणि ती गोळा करण्यास येणाऱ्यांना गावासमोर बसावे लागे. वर्धा नदीपलीकडच्या अमरावती जिल्ह्यात २००७ पासून लोकाधारित देखरेखीच्या जनसुनवाया झाल्या. तेथेही सरकारी डॉक्टरास गावकऱ्यांच्या प्रश्नांस तोंड द्यावे लागले. दोन्ही ठिकाणी जाब या शब्दास लागणारी दोन माणसे समोरासमोर होती.

ज्वारीची पद्धत राज्यभर धावणाऱ्या गाड्यांस लावता येणार नाही, हे उघड आहे. परंतु २००५ च्याच कायद्यातील कलम ४ चे चौथे उपकलम माहितीचा प्रसार करताना स्थानिक भाषा विचारात घ्यावयास सांगते. त्याचा साधा अर्थ असा की, आष्टी तालुक्यातून महिन्यात किती हाका गेल्या, गाडी किती वेळाने आली आणि रुग्ण रुग्णालयात केव्हा पोचला, यांचा तक्ता खात्याने कंपनीकडून घेऊन, कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता, मराठीत ग्रामसभेपुढे ठेवावा. त्या तक्त्यातील वाक्यांना कर्ता असावा.