खातं तिच्या नावावर, फोन कुणाच्या हातात?

इला भट्ट यांचं 'वी आर पुअर बट सो मेनी' २००६ साली आलं. मी ते यंदा वाचलं. दिवसभर पैशांच्या अ‍ॅपमधले लॉगिनचे स्क्रीन बनवते, त्यामुळे मी सगळ्यात जास्त रेंगाळले ते बँकेच्या गोष्टीपाशी.

अहमदाबादच्या भाजीवाल्या, हातगाडी ओढणाऱ्या, चिंध्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या बायकांनी १९७४मध्ये प्रत्येकी १० रुपये घालून सेवा बँक उभी केली. (त्यांची संघटना १९७२ची. तिच्या नोंदणीलाच कामगार खात्यानं हरकत घेतली होती: मालकच नाही, तर युनियन कसली?) बँकेच्या वेळी आडवी आली सही. प्रवर्तक बायका रात्रभर बसून आपापलं नाव लिहायला शिकल्या. हा प्रसंग सगळेच सांगतात, आणि तो आहेही भारी. पण मला त्यापेक्षा मोठी वाटते ती पुढची युक्ती. हजारो खातेदारांना सही शिकवत बसण्याऐवजी बँकेनं पासबुकावर फोटो लावला. ओळख पटवायचीय ना? मग चेहरा बघा. शिवाय बचत गोळा करायला बँकेची माणसंच बाजारात, वस्तीत जाऊ लागली. काउंटरवर अर्धा दिवस गेला तर तेवढी कमाई बुडते, हे लॅपटॉपपुढे बसून सुचत नाही.

इलाबेन साधं लिहितात, भाषण देत नाहीत. मात्र त्यांचं 'आम्ही' मला जरा जास्तच एकजीव वाटतं. संघटनेशीच भांडलेली, हप्ते थकल्यावर तोंड चुकवणारी बाई मला अजून ऐकायची होती. सावकार, पोलीस, अधिकारी ठसठशीत उभे राहतात. आतले वाद त्या मानानं पुसट.

तरी आजच्या कुठल्याही फिनटेकवाल्यानं हे वाचावं. जनधन २०१४मध्ये आली आणि त्यातली निम्म्याहून जास्त खाती बायकांची आहेत. पण घरकामाला जाणाऱ्या बाईच्या खात्याला नंबर नवऱ्याचा जोडलेला असेल, तर ओटीपी त्याच्या खिशात वाजतो. नवऱ्याच्या हाताला लागू नये म्हणून पैसे बाहेर ठेवायचे असतात, हे सेवा बँकेला पहिल्यापासून ठाऊक होतं. आमच्या टीममध्ये याला 'शेअर्ड डिव्हाइस' म्हणतात. त्याचं तिकीट तीन स्प्रिंट झाले, पुढे सरकतंय.