विज्ञानमालिकेतील निर्वहण : 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या अंतिम भागाची चिकित्सा

नाट्यशास्त्राने नाटकाच्या पाच संधी सांगितल्या आणि शेवटच्या निर्वहण संधीत अद्भुत रसाला स्थान दिले. परंतु निर्वहण म्हणजे मुखसंधीत पेरलेल्या बीजाचे फलित होय. अद्भुताची ही मुभा आणि बीजाचे हे बंधन यांचा मेळ घालणे विज्ञानकथेत अधिक कठीण असते. कारण तेथील अद्भुताला कार्यकारणाचा आधार लागतो. या दृष्टीने 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेच्या अंतिम भागाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

१९७८ च्या मूळ मालिकेची रोनाल्ड डी. मूर यांनी केलेली ही पुनर्रचना २००३ मधील लघुमालिकेने सुरू झाली आणि २० मार्च २००९ रोजी 'डेब्रेक' या भागाने संपली. मानवानेच घडविलेले सायलॉन यंत्रमानव मानवाच्या बारा वसाहतींचा संहार करतात आणि उरलेली माणसे पृथ्वीच्या शोधात निघतात, असे तिचे कथासूत्र आहे. (शीर्षकसंगीतात गायत्री मंत्र ऐकून भारतीय प्रेक्षक चकित होतो, मात्र मंत्राचा उपयोग तेथे नादापुरताच आहे.) मालिकेचे खरे सामर्थ्य तिच्या राजकीय भानात होते. इंधनशुद्धीकरण करणाऱ्या कामगारांचा संप, निवडणुकीतील मतांची अफरातफर, बाल्टरवरील खटला, सायलॉनांशी हातमिळवणी करण्याविरुद्ध झालेले बंड असे प्रसंग तिने धीटपणे हाताळले. अंतिम भागाच्या तीनच दिवस आधी न्यूयॉर्क येथे संयुक्त राष्ट्रसंघात या मालिकेच्या निमित्ताने मानवी हक्क व दहशतवाद यांवर चर्चा घडून आली, हे लक्षणीय आहे.

अशी ही भांडखोर माणसे शेवटी दीड लाख वर्षांपूर्वीच्या आपल्या पृथ्वीवर उतरतात. ली अडामा सर्व तंत्रज्ञान सोडून देण्याचे सुचवितो, ताफा सूर्यात लोटला जातो आणि चाळीस हजारांहून थोडी कमी माणसे औषधे, निवारा, अवजारे यांचा त्याग मुकाट्याने मान्य करतात. मतदान नाही, विरोध नाही. एक पात्र या एकमताबद्दल आश्चर्य व्यक्त करते. म्हणजे लेखकालाही ही फट दिसली होती. ती बुजविण्याऐवजी एका वाक्यात तिची बोळवण केली गेली. चार पर्वे जोपासलेले बीज येथे वांझ ठरले.

विज्ञानाच्या बाजूनेही हा शेवट लंगडा आहे. सायलॉन माता व मानव पिता यांची कन्या हेरा हीच 'मायटोकॉन्ड्रियल ईव्ह' असल्याचे अखेरीस सूचित होते. १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय संशोधनातून ही संकल्पना लोकप्रिय झाली. तिचा अर्थ पहिली किंवा एकमेव स्त्री असा नाही. आज हयात असलेल्या सर्वांच्या मातृवंशाच्या रेषा जिच्यापाशी मिळतात, ती स्त्री एवढाच आहे. मायटोकॉन्ड्रियातील जनुके केवळ आईकडून येतात. त्यामुळे ज्या संकराचे प्रतीक म्हणून हेराला उभे केले, त्यातील पित्याचा, म्हणजे मानवी, वाटा या वारशात नाहीच. शिवाय ताफ्यातील इतर सर्व स्त्रियांच्या मातृरेषा पुढे खंडित झाल्या, असाही याचा अर्थ निघतो. आशेच्या शेवटाखाली दडलेला हा विनाश लेखकाच्या ध्यानात आलेला दिसत नाही.

कारा थ्रेस मरते, परतते, स्वतःचेच प्रेत पाहते आणि शेवटी माळरानावर बोलता बोलता अदृश्य होते. बाल्टरला दिसणारी स्त्री देवदूत ठरते. धर्मश्रद्धा मालिकेत आरंभापासून होती, असा बचाव केला जातो व तो अंशतः खरा आहे. परंतु आरंभी पेरली गेली होती ती संदिग्धता : हा भास, यंत्राची करामत की दैवी संकेत? 'डेब्रेक'ने तिन्ही शक्यतांपैकी सर्वांत सोपी निवडली. जयंत नारळीकरांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत डाव्याचे उजवे होते, तेव्हा वाचक आधी थक्क होतो आणि मग मोबियस पट्टीची भूमिती समजल्यावर दुसऱ्यांदा थक्क होतो. कारा नाहीशी झाल्यावर प्रेक्षकाला असा दुसरा क्षण लाभत नाही.

याच भागात लॉरा रॉझलिनचा मृत्यू मात्र उत्तम साधला आहे. तिला कर्करोग झाल्याचे लघुमालिकेतच कळलेले असते. अखेरीस छोट्या यानातून खालच्या माळावरील प्राण्यांचे कळप पाहत असताना तिचा श्वास थांबतो आणि शेजारी बसलेला वृद्ध अडामा आपली अंगठी तिच्या बोटात घालतो. तेथे देवदूत येत नाही.