उभारणीची संहिता आणि अनुपस्थित राखणदार : स्वतःच्या कोड-भांडाराविषयीच्या दोन मार्गदर्शिकांचे वाचन

प्रास्ताविक

संगणकशास्त्र विभागांत गेल्या दोन दशकांत जे गद्य नित्य वाचले जाते, त्यात उभारणी-मार्गदर्शिकांचा क्रमांक बराच वर लागेल. अमुक सॉफ्टवेअर आपल्या यंत्रावर कसे बसवावे हे सांगणारे हे लेखन वाचले जाते, राबवले जाते आणि विसरले जाते. त्याची समीक्षा मात्र होत नाही. जे उपयुक्त ते ललित नव्हे, आणि जे ललित नव्हे ते समीक्षेचा विषय नव्हे, अशी एक सोयीची समजूत त्यामागे असावी. वस्तुतः वाचकाला कृतीस प्रवृत्त करणाऱ्या संहितेत काय सांगितले आणि काय गाळले, याचे परिणाम कथा-कवितेतील मौनापेक्षा पुष्कळच रोकडे असतात.

प्रस्तुत लेखात अशा दोन संहिता विचारार्थ घेतल्या आहेत. स्कॉट चॅकॉन व बेन स्ट्रॉब यांच्या 'प्रो गिट' या ग्रंथाचे सर्व्हरविषयक चौथे प्रकरण ही पहिली, आणि 'गिटी' या मुक्त सॉफ्टवेअरची अधिकृत मार्गदर्शिका ही दुसरी. अन्य विद्याशाखांतील वाचकांसाठी एवढेच सांगणे पुरे, की कोड-भांडार म्हणजे आज्ञावलीच्या प्रत्येक बदलाची नोंद, तो कोणी व केव्हा केला या माहितीसह, जपून ठेवणारे दप्तर होय. हे दप्तर परक्याच्या सर्व्हरवर ठेवता येते, तसे स्वतःच्याही.

स्वतःचे का ?

या प्रश्नाचे उत्तर 'गिट'च्या जन्मकथेतच आहे. लिनक्सच्या गाभ्याचे काम 'बिटकीपर' या खाजगी मालकीच्या प्रणालीवर चालत असे. 2005 मध्ये तिचा विनामूल्य वापराचा परवाना काढून घेण्यात आला आणि लिनस टोरवाल्ड्स यांनी त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये 'गिट' लिहावयास घेतले. दुसऱ्याच्या ओसरीवर मांडलेले दप्तर यजमानाच्या मर्जीवर राहते, हा धडा त्यानंतरही अनेकदा गिरवावा लागला. 'गूगल कोड' ही सेवा बंद करण्याची घोषणा 2015 मध्ये झाली, 'गिटोरियस' त्याच वर्षी 'गिटलॅब'ने विकत घेऊन मिटवले, आणि 2018 मध्ये 'गिटहब' मायक्रोसॉफ्टच्या मालकीचे झाले. आपल्याकडील अनुभव त्याहून जवळचा आहे. डिसेंबर 2014 मध्ये शासकीय आदेशाने जी 32 संकेतस्थळे रोखण्यात आली, त्यांत गिटहबच्या पत्त्याचाही समावेश होता. बंदी अल्पकाळ टिकली, तथापि तेवढ्या काळात ज्यांचे काम तेथे होते त्यांना स्वतःच्याच कामाच्या दाराशी थांबावे लागले.

तेव्हा स्वतःचे भांडार उभारण्याच्या आग्रहाला प्रस्तुत लेखकाचा विरोध नाही. आक्षेप आहे तो हा आग्रह ज्या भाषेत मांडला जातो तिच्याबद्दल.

'प्रो गिट' : कर्ता नसलेले कथन

'प्रो गिट'ची पहिली आवृत्ती 2009 ची, दुसरी 2014 ची. दोन्ही ताडून पाहिल्या असता एक उद्बोधक फरक आढळतो. पहिल्या आवृत्तीत अनेकांना एकाच भांडारावर मर्यादित अधिकार देण्यासाठी 'गिटोसिस' या साधनाचे सविस्तर विवेचन आहे. दुसरीत ते नाही. त्याच्या जागी 'गिटलॅब' आले आहे. पाच वर्षांत ग्रंथातील एक संपूर्ण उपप्रकरण कालबाह्य झाले. ग्रंथाने ते शांतपणे काढून टाकले, ते योग्यच. पण ज्यांनी 2009 मध्ये ग्रंथाबरहुकूम गिटोसिस बसवले, त्यांच्या सर्व्हरवरून ते आपोआप निघून गेले नाही. कुणाला तरी एका सुट्टीच्या दिवशी बसून ते उतरवावे लागले असेल.

हा 'कुणीतरी' या प्रकरणात कोठेच दिसत नाही. सर्व्हरच्या मांडणीचा भाग पाहावा. त्यात जॉन, जोसी व जेसिका अशी तीन पात्रे येतात. तिघांच्या सार्वजनिक किल्ल्या गोळा केल्या जातात, 'गिट' नावाचे खाते निर्माण होते, रिकामे भांडार तयार होते आणि जॉन त्यात आपले काम आणून ठेवतो. पात्रांना नावे आहेत ती केवळ उपभोक्त्यांच्या भूमिकेत. किल्ल्या गोळा करणारा, खाते उघडणारा, जेसिका नोकरी सोडून गेल्यावर तिची किल्ली काढून घेणारा जो माणूस, तो आज्ञार्थी क्रियापदांच्या आड लपलेला आहे. 'हे करा, ते करा' या वाक्यांचा कर्ता व्याकरणदृष्ट्या अध्याहृत असतो, हे शाळेतच शिकवतात. येथे तो व्यवहारातूनही नाहीसा होतो. प्रकरणाच्या अखेरीस लेखकद्वयाने स्वतःचा सर्व्हर चालवण्यास बराच वेळ द्यावा लागतो असे प्रांजळपणे मान्य केले आहे. हा प्रांजळपणा एका वाक्यात आटोपतो, हेच त्याचे वैगुण्य.

'गिटी' : काळाचे भान असलेला एक परिच्छेद

'गिटी'चा इतिहास फाटाफुटीचा आहे. ते 2016 च्या अखेरीस 'गॉग्ज'पासून वेगळे झाले, आणि 2022 मध्ये त्याच्यापासून 'फोर्जेओ' वेगळे झाले. (विदर्भातील वाचकाला 'गिटी' हा शब्द रस्त्यावरच्या खडीची आठवण करून देतो. सॉफ्टवेअरचा रांगडा आटोपशीरपणा पाहता ते अगदीच अप्रस्तुत नाही.) गिटलॅबला काही गिगाबाइट स्मृती लागते, तर गिटी लहानशा रास्पबेरी पाय यंत्रावरही चालते. प्रयोगशाळेतील निवृत्त संगणकावर काहीतरी उभे करू पाहणाऱ्या महाविद्यालयांना त्याचे आकर्षण वाटते ते यामुळे.

त्याची उभारणी-मार्गदर्शिका काटेकोर आहे. उतरवून घेतलेल्या फाइलची स्वाक्षरी तपासण्यापासून फोल्डरांच्या अधिकारांपर्यंत काहीही मोघम नाही. त्यातील एक स्थळ तर खरोखर वाचनीय आहे. मांडणीची माहिती ज्या फोल्डरात राहते, त्याचे लेखनाधिकार प्रथम सैल ठेवावयास सांगितले आहेत, कारण ब्राउझरमधून चालणाऱ्या उभारणी-पृष्ठाला तेथे फाइल लिहावयाची असते. ती लिहून झाली की फोल्डराचे 770 हे अधिकार 750 वर आणि फाइलचे 640 वर आणावेत, अशी सूचना लगोलग येते. दार आता उघडे ठेवा, नंतर आठवणीने लावून घ्या. मार्गदर्शिकेला 'नंतर' नावाचा काळ असतो याची जाणीव उभारणीच्या ओघात येथे प्रथम होते.

पुढे तो काळ पुन्हा लोपतो. सेवा-फाइलच्या नमुन्यात एक ओळ आहे : कार्यक्रम बंद पडल्यास दोन सेकंदांनी पुन्हा सुरू करावा, नेहमीच. भविष्याची ग्वाही देणारी ही ओळ यंत्राला उद्देशून आहे, माणसाला नव्हे. आपल्याकडे मूर्तीची प्रतिष्ठापना झाली की पूजेची पाळी कोणाची, हे त्याच बैठकीत ठरते. येथे प्रतिष्ठापना आहे, गुरव नाही.

बॅकअपचे विवेचन अर्थातच आहे, पण ते उभारणीत नसून प्रशासनाच्या निराळ्या विभागात आहे. तेथील विषमता लक्षणीय आहे. सर्व काही एका झिप फाइलमध्ये बांधून देणारी 'डम्प' ही आज्ञा उपलब्ध आहे. उलट दिशेने, म्हणजे त्या गाठोड्यातून सर्व्हर पुन्हा उभा करण्यासाठी, तशी आज्ञा नाही आणि ते काम हाताने करावयाचे आहे, हे मार्गदर्शिकेने स्वतःच अनेक आवृत्त्यांपर्यंत सांगितले आहे. बांधण्याला क्रियापद मिळाले, सोडण्याला मिळाले नाही.

काय हरवते ?

येथे एक सार्थ शंका संभवते. गिट ही विकेंद्रित प्रणाली आहे, आणि सामान्यतः प्रत्येक सहभागीच्या संगणकावर भांडाराची इतिहासासह पूर्ण प्रत असते. मग सर्व्हर गेला तर बिघडले काय ?

31 जानेवारी 2017 रोजी गिटलॅबच्या सार्वजनिक सेवेत जे घडले, ते या शंकेचे उत्तर आहे. एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरील डेटाबेस पुसला गेला. बॅकअपच्या पाच व्यवस्था होत्या, पैकी एकही भरवशाने चालत नसल्याचे त्याच रात्री कळले. सुमारे सहा तासांची नोंद गेली. संस्थेने नंतर प्रसिद्ध केलेला अहवाल हा माझ्या मते या संपूर्ण वाङ्मयप्रकारातील सर्वांत प्रामाणिक गद्य आहे, कारण त्यात प्रथमच चुकणारा, थकणारा माणूस दिसतो. त्या अहवालानुसार कोडची भांडारे सुरक्षित राहिली. गेले ते प्रकल्पांच्या नोंदी, नवी खाती आणि सुमारे 5,000 पर्यंत अभिप्राय.

म्हणजे ज्याच्या प्रती सर्वांकडे असतात तेच वाचते, आणि कोडभोवतीचा संवाद, जो केवळ सर्व्हरच्या डेटाबेसमध्ये असतो, तो जातो. मार्गदर्शिका ज्या कोडच्या काळजीने ओथंबलेली आहे, ते बहुधा स्वतःच स्वतःला राखते. व्यावसायिक कंपनीपेक्षा शिक्षणसंस्थेला हे अधिक झोंबावे. विद्यार्थ्याच्या आज्ञावलीचे मोल चार महिन्यांत संपते. त्या आज्ञावलीतील सतराव्या ओळीवर शिक्षकाने काय लिहिले आणि विद्यार्थ्याने त्याला काय उत्तर दिले, हे मात्र अध्यापनाचे दप्तर असते.

प्रस्तुत लेखकाने हे एका महाविद्यालयात पाहिले आहे. तासिका तत्त्वावरील एका उत्साही शिक्षकाने मार्गदर्शिकेतील प्रत्येक पायरी पाळून जुन्या यंत्रावर सर्व्हर उभारला. दोन वर्षे तो उत्तम चालला. शिक्षकाची नेमणूक तिसऱ्या वर्षी झाली नाही. पुढच्या पावसाळ्यात डिस्क गेली, तेव्हा बॅकअप घेतला जात असल्याचे आढळले, पण त्याच डिस्कवर. विद्यार्थ्यांच्या लॅपटॉपांवरून कोड दोन दिवसांत गोळा झाला. अभिप्रायांपैकी एकही मिळाला नाही. त्या शिक्षकाला दोष देणे अन्यायाचे होईल, त्याने जे वाचले ते तंतोतंत केले होते.

त्यानंतर नव्या यंत्रावर आम्ही उलटा प्रयोग करून पाहिला. चालता सर्व्हर बाजूला ठेवून, केवळ डम्पच्या गाठोड्यावरून दुसरा उभा करावयाचा. शनिवारी अकरा वाजता बसलो. फाइली जागच्या जागी ठेवल्या, डेटाबेस भरला, मालकी बदलली. पाने दिसू लागली, पण विद्यार्थ्याने पाठवलेला बदल पानावर उमटेना, कारण भांडारांतील हुक जुन्या ठिकाणाकडे बोट दाखवत होते. ते पुन्हा निर्माण करण्याची आज्ञा मार्गदर्शिकेत आहे, फक्त ती शोधावी लागते. साडेचार वाजता पहिला जुना अभिप्राय पडद्यावर आला. प्रयोगशाळा-साहाय्यकाने त्या साडेपाच तासांची नोंद वहीत केली आणि ती कार्यभाराच्या तक्त्यात कोणत्या रकान्यात लिहावी असे विचारले. तसा रकाना तक्त्यात नव्हता.